गणपतीच्या आधी काच बसली पाहिजे

सकाळी साडेसहा

भाद्रपद जवळ आला की पेणला रात्र उरत नाही. कारखान्यांतले रंगाचे कॉम्प्रेसर पहाटेपर्यंत चालू असतात आणि हमरापूर-जोह्याकडून मूर्तींचे टेम्पो ताडपत्री ओढून हायवेला लागतात. माझं काम काचेचं. फोटोफ्रेम, खिडक्यांची तावदानं, दुकानांची शोकेस, आणि घरोघरच्या माशांच्या टाक्या. गणपतीच्या आधी टाक्यांचं काम वाढतं ते मखरामुळे. हॉलमधली मोक्याची जागा टाकीने अडवलेली असते. ती मोकळी करायची म्हणून घरातले तिघे-चौघे मिळून टाकी सरकवतात, आणि बहुतेक वेळा तळात वाळू आणि चार बोटं पाणी तसंच ठेवून. उचलताना पाणी एका बाजूला धावतं, तळाला पीळ बसतो आणि कुठल्यातरी कोपऱ्यातून तडा जातो. या दिवसांत येणाऱ्या फोनपैकी बरेचसे या एकाच कारणाचे.

दुकान उघडलं की आधी चाचणीला भरून ठेवलेल्या टाकीखालचा पेपर बघतो. सांधा नवा केलेली टाकी वर्तमानपत्राच्या घडीवर ठेवायची आणि भरायची. फरशीवर पडलेला थेंब सकाळपर्यंत वाळून जातो, कागदावर मात्र डाग राहतो. आज कागदाची एक कड ओली आहे. पावसाळ्यात एवढ्यावरून निकाल देता येत नाही, कारण पाणी थंड आणि हवा दमट असली की काचेला घाम येतो आणि त्याचेच ओघळ खाली उतरतात. म्हणून टाकी बाहेरून कोरडी पुसली आणि सगळ्या सांध्यांवर खडूची पूड फुंकली. घाम काचभर सारखा धरतो, गळतीने मात्र पुडीत एका जागी बारीक ओली रेघ उमटते. अर्धा तास थांबलो. रेघ नाही. टाकी आज जाईल.

सकाळी आठ

चिंचपाड्याच्या काकू रिक्षातून दोन फुटी टाकी घेऊन आल्या. रिकामी करून, कोरडी पुसून, खाली चादर घालून आणली होती. असं आणणारं माणूस भेटलं की दिवस चांगला जातो. वरच्या कडेला नखाएवढा टवका उडालाय. झाकण पडलं म्हणाल्या.

"भाऊ, गेली का हो काच?"

"थांबा काकू, बघू दे."

काचेची दुखणी दोन. टवका म्हणजे कडेचा तुकडा निघून गेलेला असतो, पण उरलेली काच अखंड असते. तडा म्हणजे काही गेलेलं नसतं, पण काच आतून दुभंगलेली असते. लोकांना टवक्याची भीती वाटते कारण तो दिसतो, आणि केसासारख्या तड्याकडे महिनोन् महिने दुर्लक्ष होतं. जोखीम नेमकी उलट आहे. म्हणून टवका बघताना मी टवक्याकडे कमी आणि त्याच्या काठाकडे जास्त बघतो. दुकानातला दिवा बंद करायचा आणि टॉर्च काचेला जवळजवळ टेकवून आडवी धरायची. टवक्याच्या तोंडातून एखादी चीर आत शिरली असेल तर ती चांदीच्या तारेसारखी उजळते. मग नख फिरवायचं, आतून आणि बाहेरून. नख अडकलं तर चीर पृष्ठभागापर्यंत आली आहे. शंका उरली तर चिरेच्या टोकाशी मार्करने आडवी खूण करून तारीख घालायची आणि दुसऱ्या दिवशी टोक खुणेच्या पुढे सरकलंय का ते बघायचं.

काकूंच्या टाकीत चीर नव्हती. टवका वरच्या कडेला, सांध्यापासून चांगला चार इंच लांब. तिथे पाण्याचा दाब जवळजवळ शून्य. हाच टवका खालच्या कोपऱ्यात सिलिकॉनच्या आत असता तर मी सांधा उघडायला सांगितला असता, कारण तिथे पाण्याला वाट मिळते.

काम सोपं, पण घाई न करता करायचं. टवक्याच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावला. लाकडाच्या ठोकळ्याला दोनशेवीस नंबरचा वॉटर पेपर गुंडाळून पाण्यात बुडवला आणि कडेच्या लांबीने, एकाच दिशेने घासायला लागलो. आडवं घासलं की कडेला नवे बारीक टवके उडतात. कागद सतत ओला हवा. कोरडी काच घासली की पूड हवेत उडते, आणि ती फुप्फुसात गेलेली बाहेर येत नाही. आमच्या धंद्यातली जुनी माणसं खोकत असायची त्यात या पुडीचा वाटा मोठा होता, म्हणून भाच्याला मी कागद कोरडा पडला की ओरडतो. पांढरा लगदा पुसत पुसत चारशेवर आलो, मग सहाशेवर. धारदार ओठ गेला, टवक्याची उथळ वाटी तेवढी राहिली. काकूंनी बोट फिरवून बघितलं. ती वाटी भरायची गरज नव्हती. दिसायला बरं म्हणून थेंबभर पारदर्शक सिलिकॉन लावता येतं, पण त्याने ताकद वाढत नाही हे मी सांगून टाकतो.

"गाडीच्या काचेला भरतात ते किट असतं ना?" काकूंच्या मुलाने फोनवर विचारलं. असतं. पण गाडीची पुढची काच म्हणजे दोन काचा आणि मधे चिकट प्लास्टिकचा पडदा असतो. वरच्या काचेचा खड्डा भरला तरी भार घ्यायला खालची काच आणि पडदा शाबूत असतात. टाकीची काच एकेरी. तिच्या मागे कोणी नाही.

सकाळी साडेनऊ

वडखळच्या बाजूने एका हॉटेलवाल्या दादांचा फोन. चार फुटी टाकी, तळाला आरपार तडा, आतून इपॉक्सी पुटी मळून लावली आहे, तरी गळतं. संध्याकाळपर्यंत वरून काहीतरी मारून द्या, गणपतीला गिऱ्हाईक येतं.

मी नाही म्हटलं. दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी चार फुटी टाकी भरली की अडीचशे लिटर पाणी होतं, म्हणजे अडीचशे किलो, शिवाय वाळू आणि दगड. ते सगळं तळाच्या काचेवर. ती टाकी जिथे आहे तिथे शेजारी टेबलं आहेत, पोरं बसतात. तळ बदलायचा म्हणजे टाकी पूर्ण खोलायची, आणि त्यापेक्षा नवी बांधलेली स्वस्त पडते. दादा रागावले. दुसरा कोणीतरी करील म्हणाले. करीलही. पण तोवर टाकी रिकामी ठेवा, एवढं मी दोनदा सांगितलं.

पेणमध्ये भरून काढायची सवय हातातच आहे. मूर्तीचं बोट तुटलं तर कारागीर ओल्या शाडूने जोडतो, वर रंग चढला की देवाच्या हाताला काही झालं होतं हे त्याचं त्यालाही ओळखू येत नाही. काचेला ती सोय नाही. तडा वरून कितीही बुजवला तरी त्याचं टोक आत जागंच असतं. इंग्लंडमधल्या विमानसंशोधन संस्थेतल्या अ‍ॅलन ग्रिफिथ या इंजिनिअरने १९२१ साली काचेवरच प्रयोग करून हे मांडलं. काच मुळात खूप मजबूत असायला हवी. ती कमी भाराला फुटते कारण तिच्यातल्या बारीक चिरांच्या टोकाशी सगळा ताण गोळा होतो, आणि चीर जितकी लांब तितका तो ताण जास्त. टाकीच्या बाबतीत त्यात पाण्याची भर पडते. चिरेच्या टोकाशी पोचलेलं पाणी काचेचे आतले बंध हळूहळू सोडवत जातं. म्हणून चार महिने गप्प बसलेला तडा एखाद्या रात्री, कोणी हात न लावता, टोकापर्यंत धावतो.

हाच नियम आम्ही पोटासाठी वापरतो. रोह्याला दुपारी एका टाकीला बसवायची काच कापायला घेतली. छत्तीस इंच बाय पंधरा, सहा एमएम. पट्टी धरली, हिऱ्याचं चाक केरोसीनच्या थेंबात बुडवलं आणि एकाच दाबाने, न थांबता रेघ ओढली. चांगल्या रेघेचा बारीक, सलग आवाज येतो. करकरलं तर समजायचं की चाक उडतंय. रेघेवरून दुसऱ्यांदा हिरा फिरवायचा नाही, त्याने कड दातेरी होते आणि चाकही जातं. आपणच पाडलेल्या त्या चिरेला टेबलाच्या कडेवर दाब दिला की ती सरळ धावते. आपण धावायला लावलेली चीर आणि आपोआप धावलेली चीर यांत फरक फक्त दिशेचा. मग चारही कडांची धार पाण्यावर मारून घेतली. नव्या काचेची कड कच्ची सोडणं म्हणजे पुढच्या तड्याला जागा करून देणं, असं माझं ठाम मत आहे.

सकाळी साडेअकरा

रोह्याची मेमू. काच गोधडीत गुंडाळून, दोरी बांधून, डब्याच्या दाराजवळ पायाशी उभी धरली आहे. काच आडवी नेत नाहीत. आडवी काच स्वतःच्याच वजनाने मधे वाकते आणि रुळाचा प्रत्येक धक्का त्या वाकावर बसतो. वजन फार नाही, पाच किलोच्या वर थोडं. एक चौरस मीटर काच दर मिलिमीटर जाडीला अडीच किलो भरते, तेवढा हिशेब डोक्यात असला की पुढची सगळी उत्तरं मिळतात.

कासूच्या पुढे भाताची खाचरं पाण्याने भरलेली. या खारेपाटात घराजवळच्या तळ्यात जिताडा पाळणारी माणसं आहेत. माशाला पाणी आवडतं का, त्याला श्वास पुरतो का, हे त्यांना तळ्याकडे नुसतं बघून कळतं. टाकी घेणाऱ्या नव्या घरांत ती नजर तयार व्हायला वेळ लागतो. तिथे काच स्वच्छ दिसली म्हणजे सगळं ठीक असं वाटतं.

दुपारी पाऊण

रोह्याला एका चाळवजा इमारतीत पहिला मजला. दादा धाटावच्या एमआयडीसीत, दुसऱ्या पाळीला निघायच्या तयारीत. ताई आणि सातवीतला मुलगा घरी. मखराचं थर्माकोल कोपऱ्यात उभं. टाकीच्या समोरच्या काचेला खालच्या डाव्या कोपऱ्यातून निघालेला तडा, कमानीसारखा वर वळून मधोमध येऊन थांबलेला. सरकवताना गेला. पाणी त्यांनी लगेच उपसलं, ते बरं केलं.

दोन गोल्डफिश पाण्याच्या पिंपात. मुलाने पिंपात त्यांच्या टाकीचंच पाणी भरलं होतं आणि ऑक्सिजनची मोटर सोडली होती, पण स्पंजचा फिल्टर मात्र नळाखाली स्वच्छ धुऊन वाळत घातला होता. त्याला जवळ बसवून सांगितलं, "बाळा, या स्पंजात जिवाणू असतात, ते माशांची घाण पचवतात. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने ते मरतात. आता हा परत पिंपात लाव आणि काम होईपर्यंत खाणं बंद. मासे उपाशी दोन-चार दिवस आरामात काढतात. न खाल्लेलं अन्न कुजलं तर मात्र जातात." रोज पाव भाग पाणी बदलायचं, बदललेलं पाणी क्लोरीन घालवून घ्यायचं. लाईट गेली तर मगने पाणी उंचावरून ओतत राहायचं. त्याने हे सगळं वहीत लिहून घेतलं.

काच काढायच्या आधी मी स्टँड बघितला. लेव्हलची बाटली ठेवली तर उजवा मागचा पाय उचललेला, आणि टाकीखाली थर्माकोलच नाही. टाकी इतके दिवस तीन कोपऱ्यांवर उभी होती. तडा सरकवताना गेला हे खरं, पण त्याची तयारी आधीपासून चालली होती. हे नीट न करता नवी काच बसवली असती तर पुढच्या गणपतीला मला परत यावं लागलं असतं. पायाखाली पत्र्याची चकती सरकवली, वर अर्ध्या इंचाचं थर्माकोल अंथरलं. वाळूचा एक कण जरी तळाखाली राहिला तरी सगळा भार त्या एका टोकावर येतो.

मग खरं काम. उरलेल्या तीन उभ्या काचा एकमेकींना टेपने बांधल्या, नाहीतर समोरची निघाली की त्या पिसाऱ्यासारख्या उघडतात. तड्यावर आडवेउभे टेप मारले, तुकडा निसटून पायावर पडू नये म्हणून. गिटारची पातळ तार दोन लाकडी मुठींना बांधलेली माझ्याकडे असते. ती सांध्यात घालून करवतीसारखी मागेपुढे ओढत वरून खाली आणायची. जुनं सिलिकॉन रबरासारखं चिवट, बोटं भरून येतात. शेवटी तळाचा सांधा सुटला आणि काच माझ्या छातीवर आली. ताईंनी पिशवीत घातली, पिशवीवर मी मार्करने 'काच' असं मोठं लिहिलं. कचरा उचलणाऱ्या माणसाचा हात असतो त्यात.

आता सगळ्यात कंटाळवाणा भाग, आणि माझ्या मते टाकीचं आयुष्य इथेच ठरतं. ताजं सिलिकॉन जुन्या, वाळलेल्या सिलिकॉनला धरत नाही. जुन्याचा पापुद्रा जरी काचेवर राहिला तरी नवा सांधा त्या जागी नुसता टेकलेला असतो. ब्लेड काचेला जवळजवळ आडवं धरून खरवडायचं, फुंकायचं, परत खरवडायचं. नखाने घासलं की स्वच्छ काच किंचित करकरते, सिलिकॉन उरलेलं असेल तर नख घसरतं. मग पांढऱ्या सुती फडक्यावर अ‍ॅसिटोन घेऊन पुसायचं, प्रत्येक पुसण्याला फडक्याची नवी बाजू. पुसल्यावर बोट लावायचं नाही. खिडकी बंद, पंखा बंद, कारण बाहेर सरीवर सर चालली होती आणि काचेवर दमटपणाचा थर बसला की सगळी मेहनत वाया. ताईंच्या केस वाळवायच्या मशिनने कडा कोमट करून घेतल्या.

सिलिकॉन निव्वळ हवं. बाथरूमला लावायचं, बुरशी धरू नये म्हणून औषध घातलेलं सिलिकॉन माशांना विष आहे, आणि नळ्या दिसायला सारख्याच असतात. गनचं तोंड तिरकं कापलं, तळ आणि दोन्ही कडांवर एक सलग रेघ सोडली, मधे कुठे न तोडता. दादांनी पाळीला उशीर होत असूनही एका बाजूने काच धरली. "दादा, दाबू नका, टेकवा," मी म्हटलं. काच काचेला भिडवायची नसते. मधे मिलिमीटरभर सिलिकॉन राहिलं पाहिजे, ताण तेच पेलतं. सगळं पिळून बाहेर काढलं तर सांधा दिसायला सुबक आणि कामाला पोकळ. टेपने आवळली, आतल्या कोपऱ्यांत दुसरी बारीक रेघ भरून ओल्या बोटाने एका हातात ओढली. पाच-सात मिनिटांत वर साय धरते, त्याच्या आत सगळं आटपावं लागतं. खोलीभर व्हिनेगरचा वास झाला.

"वास कसला हो?" मुलाने विचारलं.

"अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड. हवेतली ओल घेऊन हे घट्ट होतं आणि होताना तो वास सोडतं. बाहेरून आत वाळत जातं, दिवसाला साधारण दोन-तीन मिलिमीटर. वास येतोय तोवर आत काम चालू आहे."

सातवीच्या मुलाला कळलं. मोठ्या माणसांना कळवायला जास्त वेळ लागतो, कारण दारात गणपती उभा असतो. टाकीत पाणी मखराच्या शेजारी झगमगलं पाहिजे, पाहुणे येणार आहेत. या पाण्याचा जोर किती ते मी ताईंना सांगितलं. तेरा इंच पाणी भरलं की या तीन फुटी काचेला ते आतून सुमारे पन्नास किलोचा रेटा देतं, दिवसरात्र. उंची दुप्पट केली तर रेटा चौपट. लांबी वाढवल्याने खोलीवरचा दाब वाढत नाही, उंचीने वाढतो. लोक उलटं समजतात आणि उंच, देखण्या टाक्या पातळ काचेत बांधून घेतात. तो रेटा कच्च्या सिलिकॉनवर टाकायचा नाही. तीन दिवस हात नाही. मग पाव टाकी, एक रात्र. मग अर्धी, एक रात्र. मग पूर्ण. गणपती आठ दिवसांवर आहेत, बसतं सगळं वेळेत.

संध्याकाळी सहा

पेणला परत. एका निवृत्त गुरुजींच्या घरी नुसतं बघायला गेलो. त्यांची टाकी जुन्या पद्धतीची. लोखंडी अँगलची चौकट, तिच्यात पुटी लावून बसवलेल्या काचा. सिलिकॉनने नुसत्या काचेला काच चिकटवायची सोय साधारण १९६०च्या दशकानंतर आली, त्याआधी घरच्या टाक्या अशाच असत. मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली उघडलं तेव्हा वडिलांचा हात धरून आपण ते पाहिलं, असं गुरुजी सांगतात. २०१५ साली ते नव्याने उघडलं तेव्हा तिथे अ‍ॅक्रिलिकचा बोगदा आला होता, मासे डोक्यावरून जायचे. गुरुजींना मात्र ही गंजलेली चौकटच हवी आहे. पुटी वाळून चिरते आणि पाणी काढलं की आणखी चिरते, म्हणून अशी टाकी वर्षभर रिकामी ठेवली की परत भरल्यावर गळणारच. काचा काढून, चौकट घासून, रंगवून, आत सिलिकॉन वापरून परत बसवता येईल, आणि बाहेरून कोणाला कळणार नाही. काम किचकट आहे, पैसे फार सुटणार नाहीत. दसऱ्यानंतर करून देतो म्हटलं. अशी टाकी भंगारात जाऊ द्यायला माझं मन होत नाही.

रात्री साडेनऊ

रोह्याहून ताईंचा फोन. बोट लावलं तर कडक लागतंय, वास थोडासाच येतोय, उद्या पाव टाकी भरून बघू का? मासे पिंपात अवघडलेत, मुलगा रडवेला झालाय.

"नको ताई. वरून कडक आहे, आत अजून ओलं आहे. मुलाला सांगा, पिंपातलं पाव पाणी सकाळी बदल. टाकीत नाक घालून बघा, वास अजिबात आला नाही की मला फोन करा, मग भरायला कुठून सुरुवात करायची ते सांगतो. पहिलं पाणी काढून टाकायचं, त्यात मासे सोडायचे नाहीत. आणि भरलेली टाकी कोणी सरकवायची नाही. मखर थोडं डावीकडे घ्या."